खुर्चीशिवाय दुबई

मुंबईहून मँचेस्टरला निघाले तेव्हा तिथं राहणाऱ्या माझ्या मुलाने, प्रकाशने, तिकिटासोबत चाकाची खुर्चीही सांगून ठेवली होती. माझे पाय धड आहेत. पण मी चौथी शिकलेली, त्यातून लाजरी. दुबईत विमान बदलताना मी चुकेन, अशी त्याला भीती.

दुबईत अशा खुर्च्यांची रांगच होती. शेजारच्या खुर्चीत जेऊरच्या एक बाई होत्या.

"पायाला काय झालंय वो?" त्यांनी विचारलं.

मी नुसती मान हलवली. काही नाही.

"मलाबी काय न्हाय. विंग्रजी येत न्हाय म्हणून लेकीनं लंगडी केली की मला!"

आम्ही हसत होतो, तेवढ्यात समोर एक म्हातारी दिसली. गुडघे सुजलेले, भिंतीला धरून खुर्चीची वाट पाहत उभी. माझं हसू थांबलं. परतताना पायीच जायचं, हे मी तिथंच ठरवलं.

पुढच्या विमानात पडद्यावर अंतर दिसत होतं, साडेपाच हजार किलोमीटरच्या वर. सोलापूर-मुंबई चारशे धरलं तर चौदा वेळा जाणं. खाली आधी वाळू, मग बर्फाचे डोंगर, मग नुसते ढग. विमानातला पाव गार होता. पिशवीतली कडक भाकरी (वाळवून ठेवलेली, टिकणारी ज्वारीची भाकरी) मोडून शेंगाचटणीशी खाल्ली.

मँचेस्टरला दोन महिने सुनेकडून इंग्रजी अक्षरं शिकले. निघताना म्हणाले, "प्रकाश, खुर्ची नको."

"आई, चुकलीस तर विमान जाईल."

"चुकले तर विचारीन."

"तू? वाण्याला कधी शेंगांचा भाव विचारला न्हाईस तू!"

ते खरं होतं. तरी मी हटले नाही.

दुबईत उतरले. कागदावरचा नंबर जुळवत बरोबर गेटवर जाऊन बसले. बराच वेळ कुणी येईना. वर पाहिलं, तर फलकावर दुसऱ्याच विमानाचा नंबर. फरशी पुसणाऱ्या माणसापुढे कागद धरला. कसंबसं म्हणाले, "भैया, ये किधर?"

"अम्मा, गेट बदल गया. दूर है. कुर्सी मंगाऊँ?"

हो म्हटलं असतं तर प्रकाशला कळलंही नसतं.

"नको," मी मराठीतच बोलले. "पाय हायत. रस्ता दाव."

पदर खोचून चालू लागले. वाटेत आणखी दोघांना विचारलं. गेट बंद करायच्या तयारीत होते, तेव्हा पोचले. विमानात पडद्यावर मुंबई एकोणीसशे किलोमीटर दिसली. मला ती जवळच वाटली.

सोलापुरात आल्यावर दुसऱ्या दिवशी वाण्याकडे गेले. शेंगांचा भाव विचारला. महाग वाटला. तसं तोंडावर सांगितलंही.