आत्याने लिहिलेली तळटीप

माझी आत्या पंख्यांच्या कारखान्यात मुख्य हिशेबनीस होती. लग्न केलं नाही. आमच्याच गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायची. भाजीवाल्याने चुकून जास्त सुटे दिले, तर परत करायला उन्हातून माघारी जाणारी बाई. आई म्हणायची, "वन्सं आरशात बघितलं तरी पावती मागतील."

कारखान्यात नवे संचालक आले आणि हिशेबाची पद्धत बदलली. पंखे दुकानदारांकडे रवाना झाले, की विक्री झाली असं धरायचं. न खपलेला माल परत करायची दुकानदारांना मुभा होती, पैसेही मागाहून द्यायचे होते. नफा मात्र ट्रक निघाला की कागदावर दिसायचा.

"साहेब, पंखा अजून कुणाच्या छताला लागलेला नाही," आत्या म्हणाली.

"मग तळटीप टाका ना. बसतंय सगळं नियमात."

तिने तळटीप लिहिली. ती वार्षिक अहवालाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात छापली गेली. शेअरचा भाव चढत राहिला.

बाबा शिंपी. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी दुकान विकलं आणि आलेला पैसा त्याच शेअरमध्ये घालायचं ठरवलं. अहवाल घेऊन ते आत्याकडे गेले; मीही सोबत होते.

"दादा, आधी शेवटची टीप वाच."

"ते मुंगीएवढं अक्षर मला कुठलं दिसतंय? खाली तुझी सही आहे, मला तेवढं पुरे."

आत्याने अहवाल मिटून बाजूला ठेवला. आतली गोष्ट बाहेर सांगणार नाही, असं तिने कंपनीला लिहून दिलं होतं. "थोडं थांब," एवढंच म्हणाली. बाबा थांबले नाहीत.

त्या वर्षी उन्हाळा जाणवलाच नाही. भरलेले ट्रक परत येऊ लागले. गोदाम कमी पडलं, तेव्हा खोकी कॅन्टीनमध्ये रचली. शेअर कवडीमोल झाले आणि आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन राहून गेलं.

आत्या घरी आली, ती दारातच उभी राहिली.

"खोटं लिहिलं होतंस?" बाबांनी विचारलं.

"नाही. सगळं नियमात होतं."

"मग तुझं काय चुकलं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते रागावले असते, तर तिला निदान रडता आलं असतं.

तिने नोकरी सोडली, फंडाचे पैसे आईपुढे ठेवले. आईने ते घेतले, ऑपरेशन झालं. बाबा आत्याशी पूर्वीसारखेच हवापाण्याच्या गप्पा मारायचे, तिला जेवायला थांबवून घ्यायचे. पण पूर्वी साधा मिक्सर घ्यायचा तरी तिला विचारणारा हा भाऊ, माझं लग्न ठरलं तेव्हा तारीख पक्की झाल्यावर तिला सांगायला गेला.

"चांगली तारीख आहे, दादा," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.