न हलणारी वाळू

माझा भाऊ अण्णा आणि मी एकाच सकाळी बेळगावातले अनगोळ सोडले. मी बंगळूरच्या बसला निघाले होते आणि तो घाट उतरून किनाऱ्याला. त्याचा टेम्पो दारात उभा होता. त्यात रिकाम्या पाट्या, ताडपत्र्या, जाळीच्या गुंडाळ्या आणि एक स्टोव्ह होता. माझ्याकडे एक सुटकेस होती. आईने दोघांच्या हातावर दही ठेवले. मग ती खाली बसली आणि माझ्या सुटकेसला नाक लावून तिने वास घेतला.

"न्हाय येत," ती म्हणाली. "जा आता."

वास म्हणजे सुक्या मासळीचा. आमचे वडील, आप्पा, बेळगावच्या बाजारात सुके बांगडे, जवळा आणि मोरी विकायचे. पोती आमच्या मागच्या खोलीत असायची आणि वास आमच्या वह्यांत. शाळेत आम्हाला दोघांनाही सुकट म्हणत. मी त्यावर मान खाली घालून अभ्यास केला. अण्णा खिशात मूठभर जवळा घेऊन जायचा आणि चिडवणाऱ्याच्या दप्तरात ओतायचा. "घे. आता तू बी सुकट," म्हणायचा. त्याला मित्र पुष्कळ होते. मला नव्हते.

निघताना आप्पांनी एकच गोष्ट सांगितली. ती त्यांनी आम्हाला लहानपणापासून सांगितलेली होती. "कागद दिला की पोच घ्यायची. आपला कागद मराठीत, तर पोच बी मराठीत. न्हायतर कागद घरी आणायचा."

हे वाचणारे काही जण अजून बेळगाव-निपाणीकडेच आहेत. त्यांना याचा अर्थ सांगायला नको. जे माझ्यासारखे बाहेर पडले आणि ज्यांच्या मुलांना हे माहीत नाही, त्यांच्यासाठी लिहिते. पोच म्हणजे तुमचा कागद मिळाला, असे कचेरीने लिहून देणे. कुणी कारकून ती मराठीत द्यायचा, कुणी नाही. दिली नाही तर आप्पा अर्ज परत आणायचे आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचे. नळाचा अर्ज त्या ट्रंकेत होता. आई लांबून पाणी आणायची. यात आप्पांना राग नव्हता, तक्रारही नव्हती. जेवणाआधी हात धुवावेत तसे ते हे पाळायचे आणि अण्णाने ते तसेच उचलले.

मी उचलले नाही. बंगळूरला एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर मी वेगळ्या गोष्टी शिकले. विशेषणे कापायची. सगळ्यात महत्त्वाची वस्तुस्थिती पहिल्या वाक्यात आणायची. भावना बातमीदाराची असेल तर काढायची, दुसऱ्याची असेल तर अवतरणात टाकायची. खोलीतल्या मैत्रिणींना मी सांगितले होते की वडील सीफूडच्या व्यवसायात आहेत. आई एकदा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तळलेल्या सोड्यांचा, म्हणजे सुक्या कोलंबीचा, डबा पाठवून बसली. बसस्टँडच्या बाहेर मी तो कचऱ्यात रिकामा केला आणि फोनवर तिला "लई छान झालतं" म्हणाले. ती खूष झाली.

पुढे दैनिकाने माणसे कमी केली. मी एका सल्लागार कंपनीत गेले. ही कंपनी मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांचे अहवाल करते. प्रकल्पाची झळ किंवा लाभ ज्यांना ज्यांना पोहोचतो त्यांना आमच्या भाषेत स्टेकहोल्डर, हितसंबंधी म्हणतात. त्यांना एका हॉलमध्ये बोलवायचे, ऐकायचे आणि जे ऐकले ते इतिवृत्तात लिहायचे, हे माझे काम. मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत मी सारख्याच वेगाने लिहिते. सीमाभागाने मला एवढे नक्की दिले.

अण्णा तोवर कानडी मुलखाच्या किनाऱ्यावर रुजला होता. एका छोट्या बंदराच्या दक्षिणेला, एका खडकाआड, त्याने वाळवणाची जागा केली होती. ती त्याने सहज निवडली नव्हती. पहिले दोन पावसाळे तो वाळूत बांबू रोवून मोजत बसला होता. तिथली बाकीची वाळू पावसाळ्यात समुद्र घेऊन जातो आणि दिवाळीच्या सुमाराला परत आणून टाकतो. नाववाले त्याला हसायचे. "ए घाटावरच्या, समुद्राला माप लावतोस काय? शर्ट शिवायचाय त्याला?" त्याला सापडले ते असे, की खडकाआडची पट्टी तेवढी हलत नाही. म्हणून तिथे शेड बांधता आली, खारवण्याच्या टाक्या बांधता आल्या, ओटे घालता आले. गावातल्या बायका तिथे कामाला येऊ लागल्या. त्यातल्याच एका घरातली मुलगी माझी वहिनी झाली. गावात कुणाचाही अर्ज लिहायचा असला की लोक अण्णाकडे यायचे.

बंदर खोल करण्याचा प्रकल्प आमच्या कंपनीकडे आला, तेव्हा मी नकाशा पाहिला. त्यावर अण्णाची जागा एक कोरी पट्टी होती. कामाला हात घालण्याआधी आम्ही एक फॉर्म भरतो. प्रकल्पक्षेत्रात तुमचे नातेवाईक किंवा मालमत्ता आहे का? मी 'नाही' लिहिले. 'आहे' लिहिले असते तर सल्लामसलतीचे प्रमुखपद दुसऱ्याला गेले असते. दुसरे कारण नव्हते.

बंदराच्या गावात हितसंबंधींची बैठक ठरली. तिच्या आदल्या दिवशी दुपारी मी एकटीच त्याच्याकडे जेवायला गेले. त्याने चार पानांचे निवेदन लिहिले होते. आप्पांपासून सुरुवात होती, मध्ये देवाचे नाव होते, शेवटी हात जोडले होते.

"बघ गं, चुका काढ. पेपरवाली हाईस."

मी ते एका पानावर आणले.

"माझं रडगाणं काढलीस की सगळं."

"रडगाणं कोण वाचत न्हाय, अण्णा."

वहिनी वाढता वाढता म्हणाली, "मासा साफ करावा तसा कागद साफ केला हो तुमच्या बहिणीनं. काटा तेवढा ठेवला."

तिसऱ्या पानाच्या तळाशी असलेले वाक्य मी वर आणून पहिले केले. "बंदराच्या दक्षिणेला खडकाआडची वाळू भर पावसाळ्यातही हलत नाही, म्हणून गावाचे सगळे वाळवण या एकाच जागेवर होते." खाली मागणी होती. गाळ उपसताना ही जागा सोडावी, तिथून काही नेऊ नये, तिथे काही टाकू नये. गावातल्या सगळ्यांच्या सह्या होत्या. कागद चांगला झाला होता. अशा कागदाला अहवालात उत्तर द्यावेच लागते आणि उत्तर द्यायचे म्हणजे आराखडा बदलायचा, हे मला माहीत होते. अण्णालाही मी ते सांगितले.

निघताना मी म्हणाले, "उद्या मला वळख दाखवू नको."

"नोकरी जाईल व्हय तुझी?"

"व्हय."

"मग न्हाय वळखत. कोण बाई तू?" तो स्वतःच्याच विनोदावर हसला आणि मला रस्त्यापर्यंत सोडायला आला.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. दाराशी आमचे टेबल होते. तिथे लेखी हरकत द्यायची, कारकून रजिस्टरमध्ये नोंद करणार आणि छापील पोच फाडून देणार. पोच कन्नड आणि इंग्रजीत होती. तेवढी सूचना कंपनीला होती आणि तेवढेच आम्ही छापले होते. अण्णा रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली. त्याने पोच हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली.

"मराठीत द्या."

"छापील आहे सर."

"हातानं लिहा की मग. 'निवेदन मिळाले' एवढंच."

कारकून लांब दक्षिणेचा, मंड्याकडचा कानडी माणूस होता. त्याने इंग्रजीत सांगितले की त्याला मराठी लिहिता येत नाही. तो खोटे बोलत नव्हता. मग अण्णाने माझ्याकडे पाहिले. मी टेबलापासून चार पावलांवर होते. दोन शब्द आणि एक सही, एवढेच काम होते. पण पोचेची कार्बन कॉपी फाईलला लागते आणि नियम मोडून एका माणसाला हाताने पोच का दिली, हे कुणीतरी विचारले असते. मी हातातली कार्यक्रमपत्रिका वाचू लागले. ती मीच लिहिलेली होती.

अण्णाने निवेदनाची चौघडी घातली आणि खिशात ठेवली. मग तो लोकांकडे वळला. "चला रं. पोच देत न्हाईत तिथं बसायचं न्हाय."

तिथल्या लोकांची घरची बोली वेगळी. पोच कोणत्या भाषेत आहे, याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते. एक म्हातारी त्याला म्हणालीसुद्धा, "अरे, देऊन टाक ना कागद. कागदाला काय भाषा?" पण त्यांचे सगळे अर्ज त्यानेच लिहिलेले होते आणि बेळगावच्या माणसाला असल्या गोष्टीतले कळते, असा त्यांचा समज होता. ते उठले. म्हातारीही उठली.

हॉलमध्ये ट्रकमालक राहिले, दोन लॉजवाले आणि बर्फाच्या कारखान्याचा मालक. सगळे अनुकूल बोलले. शेवटी नियमाप्रमाणे मी तीन वेळा माइकवर विचारले, कुणाची काही हरकत आहे का. भोंगा बाहेरही लावलेला होता. तिन्ही वेळा बाहेरून घोषणा आल्या. घोषणा म्हणजे हरकत नव्हे. इतिवृत्तात मी लिहिले: तोंडी हरकती निरंक, लेखी हरकती निरंक. त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता.

इथे थांबले असते तर हे सगळे आप्पांच्या ट्रंकेवर ढकलता आले असते.

पुढच्या आठवड्यात बंगळूरला तांत्रिक बैठक झाली. उपसलेला गाळ कुठे टाकायचा, हा प्रश्न अडला होता. किनाऱ्यावर टाकला तर पहिल्याच पावसाळ्यात तो धुऊन पुन्हा बंदरात येणार. खोल समुद्रात नेणे लांबचे पडत होते. अभियंत्याने विचारले, या पट्ट्यात वाळू स्थिर राहते अशी जागा कुणाला माहीत आहे का? कुणी बोलले नाही. उत्तर माझ्याजवळ होते. मी दिले.

का दिले, याची मी नंतर बरीच कारणे तयार केली. कागद पोहोचला नाही, निदान त्यातली वस्तुस्थिती पोहोचावी, हे त्यातले सगळ्यात बरे. खरे कारण साधे आहे. खोलीत सगळे गप्प होते आणि मला माहीत होते. बातमी हातात असताना गप्प बसायचे मी शिकले नव्हते. बायका, शेड, टाक्या हे मी सांगितले नाही. ते कुणी विचारले नव्हते आणि सांगितले असते तर मला हे कसे ठाऊक, हेही सांगावे लागले असते.

सर्वेक्षणाला माणसे गेली. वाळू खरोखर हलत नव्हती. अहवालात 'स्थानिक निरीक्षणानुसार' असे शब्द घालून जागा निश्चित झाली. शेड सरकारी जमिनीवर होती, त्यामुळे ती हटवायला फारसा वेळ लागणार नव्हता.

बहिष्काराची दखल मात्र कंपनीने घेतली. अहवालाचा सारांश मराठीतही द्यायचे ठरले. भाषांतर माझ्याकडे आले. गाळाच्या जागेच्या परिच्छेदापाशी मी थोडी थांबले. वाक्य फिरवून लिहिता आले असते. पण त्या गोष्टीसाठी नेमके वाक्य आधीच झालेले होते. मी तेच घातले. खडकाआडची वाळू भर पावसाळ्यातही हलत नाही. फक्त 'म्हणून'च्या पुढचे बदलले: म्हणून उपसलेला गाळ या जागेवर टाकला जाईल.

सारांश गावात घरोघर वाटला गेला. या वेळी पोचही मराठीत छापली होती. अण्णाने त्यावर सही केली. ती प्रत मी पाहिली आहे.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"वाक्य माझं हाय."

"व्हय."

"तू सांगितलीस?"

"व्हय."

मागे वहिनीचा आवाज येत होता, ती कुणाला तरी जेवायला हाक मारत होती.

"चांगलं वाक्य हाय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पाइपातून करडा गाळ आला आणि ओट्यांवर पसरला. टाक्या भरल्या, शेड त्याआधीच काढली होती. आमच्या अंदाजाप्रमाणे तो तिथेच राहिला आहे. काम चोख झाले, असे बंदराच्या लोकांनी लेखी कळवले. वाळवणाच्या बायका लॉजच्या खोल्या झाडतात. अण्णाने माझे नाव गावात कुणाला सांगितले नाही. लोकांनी त्याच्यावर राग धरला. कागद द्यायला हवा होता, असे आता सगळे म्हणतात आणि ते बरोबर आहे. माझी बढती झाली.

अण्णा आणि वहिनी अनगोळला परत आले. आप्पांना आता बाजारात बसवत नाही. त्यामुळे मासळी घराच्या पुढच्या खोलीतून विकली जाते. ती दुसऱ्यांनी, दुसरीकडे वाळवलेली असते. आप्पा खाटेवर पडून त्याला विचारतात, "तुझं वाळवण काय झालं रं?" तो म्हणतो, "समुद्रानं न्हेलं."

बाहेर गेलेली माणसे घराविषयी लिहितात तेव्हा आपल्याला अजून तिथे जागा आहे, असे गृहीत धरतात. मीही धरले होते. मला दिवाळीत सुट्टी असते, मी जाते. बेळगावला उतरते, रिक्षा करते, गल्लीच्या तोंडाशी सोडते. आता वास मला लांबूनच येतो आणि मी तो टाळत नाही.

मागच्या खेपेला अण्णा पुढच्या खोलीत पाट्या लावत होता. माझी चाहूल लागल्यावर त्याने वर पाहिले. शेजाऱ्यांशी, गिऱ्हाइकांशी, पोस्टमनशी सगळ्यांशी मराठी बोलणारा माणूस. तो उठून उभा राहिला, मला त्याने खुर्ची पुढे केली आणि स्वच्छ कन्नडमध्ये, अदबीने म्हणाला, "बन्नी मॅडम. कूत्कोळ्ळी. एनु बेकु?" या मॅडम, बसा, काय पाहिजे.

मी बसले नाही. मराठीत "अण्णा" म्हटले. तो तसाच, तितक्याच अदबीने थांबला. शेवटी मी कन्नडमध्ये म्हणाले, जवळा.

आतून आईने विचारले, "कोण आलंय रं?"

"गिऱ्हाईक," तो म्हणाला.