खुंटीवरचा पटका

पौडच्या डॉक्टरांनी सांगितलं, "पोरीला महिनाभर समुद्रावर ठेवा. ओल्या वाळूत रोज चालवा, पायात बळ येईल." तापानं तिचा डावा पाय लुळा पडला होता. पाच वर्षांची पोर भिंत धरून सरकायची. आमचे हे म्हणाले, "भात झोडायचंय, मला कुटं जमतंय?" मी म्हटलं, "तुमी झोडा. मी जाते." सासूबाईंचं नि माझं एरवी विळ्याभोपळ्याचं सख्य, पण त्या दिवशी त्या बोचकं बांधून माझ्याआधी दारात उभ्या होत्या.

एसट्या बदलत अलिबागला उतरलो आणि माझं डोकंच फिरलं. मुंबईची माणसं हवा खायला येतात, म्हणून साध्या पडवीलाही लॉजचं भाडं! परवडेल अशी खोली दिसली की पहिला प्रश्न ठरलेला, "सोबत पुरुषमाणूस कोण?" कोणी नाही म्हटलं की दार बंद. अहो, चालायचंय पोरीला, त्यात पुरुष काय करणार? प्रत्येक दारात भांडले. पोर माझ्या कडेवर पेंगत होती. पण परत फिरायचं? अंहं. पौडपल्याडच्या आमच्या माले गावाहून एवढ्या लांब आले ते हात हलवत जायला नव्हे.

शेवटी गल्लीच्या टोकाला एका बाईंनीही तेच विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "हाय की. हिचा मालक मागनं येतोय." खोलीत शिरल्याबरोबर त्यांनी बोचक्यातनं सासऱ्यांचा लाल पटका काढला आणि दारासमोरच्या खुंटीला अडकवला. सासरे जाऊन किती पावसाळे लोटले होते! आमच्याकडे रानातल्या खोपीत बाई एकटी असली की दारात गड्याचं धोतर नाहीतर पटका टांगते. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, घरात माणूस आहे. म्हातारी हे घरूनच ठरवून आली होती. मी कपाळाला हात लावला, पण मनातून तिच्या पाया पडले.

रोज सकाळी पोरीला वाळूत चालवायचो. ती पडायची, रडायची, तिच्यासोबत मीही रडायचे. सासूबाई तेवढ्या ओरडायच्या, "ऊठ गं! रडून पाय चालत्यात व्हय?"

आठवड्याभरानं घरमालकीण दारात आली. "मालक आले नाहीत अजून?" आता बाहेर काढलं तर? पोर आता कुठे भिंत सोडायला लागली होती. सासूबाईंनी मात्र सरळ सांगून टाकलं, "त्यो येनार न्हाई, तिकडं भात झोडतोय. पटका माज्या मालकाचा, त्यास्नी जाऊन लई वरसं झाली. पन पोर चालल्याबिगर आमी हितनं हलनार न्हाई. काय करायचं ते करा."

बाईंनी पटक्याकडे पाहिलं. मग अंगणात धडपडत चाललेल्या पोरीकडे पाहिलं. म्हणाल्या, "मग तो रोज झटकत जा. धूळ बसलीय. उद्या शेजारणीच्याही लक्षात येईल." आणि आत निघून गेल्या.

महिना भरला. बोचकी बांधून झाली. पटका काढायला मी हात वर केला, तर पोर मधे घुसली. "मी काडते!" पाय अजून काडीसारखाच होता, जन्मभर तसाच राहिला. पण तिनं भिंतीला हात लावला नाही. टाचा उचलल्या, दोन्ही, आणि लोंबतं टोक धरून पटका ओढून खाली घेतला.

सासूबाईंनी तो तिच्या हातातून घेतला, तोंडाला लावला आणि माझ्यादेखत पहिल्यांदा रडल्या.