माईकवरचे सर
दुखऱ्या अंगाला चोळायच्या बामचा वास आला की मला ठाण्यातला तो शो आठवतो. मल्लखांबवाल्या आठ पोरांनी बसवलेली सर्कस होती ती, आणि त्यात कसरतीपेक्षा तिच्यामागचा सरावच जास्त दाखवायचा होता. म्हणजे दोरीवरून पडायचं, सरांचा ओरडा खायचा, परत चढायचं. सर माईक बघून गप्प व्हायचे, म्हणून माईकवर त्यांचा आवाज मी काढायचो, खोकल्यासकट. आमच्यात नियमच होता, कितीही लागू दे, सर 'थांब' म्हणेपर्यंत थांबायचं नाही. आमच्यातली डोंबिवलीची एक ताई ठरल्याप्रमाणे तीनदा पडली. मग चौथ्यांदा पडली, हातावर, आणि ते ठरलेलं नव्हतं. पण पब्लिक हसलं आणि मला चेव आला. सरांच्या आवाजात म्हटलं, "काय गं, मॅट विकत घेतलीस काय? ऊठ, चढ." तेवढ्यात पडद्याआडून खरे सर ओरडले, "थांब गं, थांब." पब्लिक अजूनच हसलं. ताई उठली, दोरी पकडली आणि पार वरपर्यंत गेली. खाली आली तेव्हा मनगट भलतीकडेच वळलेलं. हॉस्पिटलात मी सॉरी म्हणालो, तर म्हणाली, "अरे, मला दोन सर ऐकू आले. मोठा आवाज खरा वाटला." त्यानंतर ती दोरीवर चढलीच नाही. हल्ली मी हळदी-लग्नांत मिमिक्री करतो, पुढाऱ्यापासून कोंबड्यापर्यंत सगळे आवाज काढतो. जुनी पोरं सरांचा आवाज मागतात, तेव्हा घसा बसलाय म्हणून सांगतो.