मागे कोण बसतं?

हे मी लिहिणारच नव्हते. तीनदा दोन-दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. ज्या माणसाकडे जायला दहा मिनिटं लागतात आणि मला सात आठवडे जमलं नाही, त्याच्यावर आता कुठल्या तोंडाने लिहायचं. पण आज तासाला लक्ष लागेना, मागच्या बाकावर फोन घेऊन बसले आणि टाइप करत सुटले. चुका असतील, सांभाळून घ्या.

काका माझे कुणी लागत नव्हते. पेट्रोलपंपाच्या मागच्या गल्लीत शेवटचं शटर त्यांचं. गाड्यांचे शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे सगळे ज्याला शॉकअप म्हणतात ते, एवढंच काम. इंजिनाला हात लावत नसत. गल्लीत त्यांना सगळे 'मागेकोण' म्हणायचे, कारण कुणीही गाडी घेऊन आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. गाडी कुठली, किती चालली, काही नाही. "मागे कोण बसतं?"

आमची जीप बाबांनी बारा वर्षांपूर्वी चार इंच उचलून घेतलेली. ते जमीनमोजणीच्या कामाला डोंगरात जायचे, तेव्हा खडकाला खालून लागू नये म्हणून. आई म्हणते, घरात जायला दार आणि गाडीत चढायला शिडी. मग बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि जीप अंगणात उभी राहिली. बाबा काही मागत नाहीत कधी. या वर्षी एकदाच म्हणाले, ताईला भेटायचंय. ताई म्हणजे माझी आत्या. ती वर डोंगरावर राहते, गुडघे गेलेत, खाली येऊ शकत नाही. शेवटचा अकरा किलोमीटर रस्ता म्हणजे नुसते खड्डे आणि धोंडे. डॉक्टरांनी सांगितलेलं, दणका बसता कामा नये.

मी लगेच पेटले. माझं असंच आहे. रात्रभर व्हिडिओ बघितले आणि ऑनलाइन चार शॉकअप मागवले. लालभडक, डब्यावर लिहिलेलं 'चार इंच उचललेल्या गाडीसाठी', शर्यतीत वापरतात म्हणे. डबा घेऊन काकांकडे गेले, फक्त बसवून द्या म्हणून.

काकांनी डबा उघडलाच नाही. चष्मा दोरीने गळ्यात लटकलेला, तो नाकावर चढवला. जीपच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून खाली दाबलं आणि सोडून दिलं. गाडी वरखाली झाली, ते मोजत होते.

"अडीच वेळा हलली. दीडमध्ये थांबायला पाहिजे. मागे कोण बसतं?"

"बाबा. पाय लांब करून. पाठीचं ऑपरेशन झालंय."

"आणि तू त्यांना शर्यतीला घेऊन चाललीस होय."

मी म्हटलं, "पण काका, गाडी चार इंच उचललेली आहे, डब्यावर पण चारच लिहिलंय."

त्यांनी पट्टी लावून चाकापासून वरपर्यंत मोजलं आणि पट्टी माझ्यासमोर धरली. "चार होती, बारा वर्षांपूर्वी. स्प्रिंगचे पाटे दबून बसलेत. आता अडीच आहे. माणूस पण म्हातारा झाला की उंची कमी होते, तेव्हा कुणी त्याला जुनी पँट घालायला लावतं का?"

मग त्यांनी समजावलं, एकदम सोपं करून. चार इंचवाला शॉकअप लांब असतो. गाडी खड्ड्यात दबली की तो आधीच पूर्ण मिटतो, पुढे जायला जागाच उरत नाही, आणि सगळा दणका वर बसलेल्याच्या पाठीत. शिवाय तो कडक. गाडीत सामान ठासून भरलं असेल तर ठीक, नाहीतर ती नुसती उडते.

"बाबांना घेऊन ये," ते म्हणाले. "ते बसल्याशिवाय मी माप घेणार नाही. आणि ते लाल परत पाठव. फोटोला चांगले आहेत."

शनिवारी बाबांना घेऊन गेले. कमरेला पट्टा, चेहऱ्यावर आपलं काहीच नाही असा भाव. काकांनी त्यांना मागे बसवलं, खाली उतरून एक-एक चाकाचं माप घेतलं आणि विचारलं, "साहेब, दुखतं कुठे?"

"छे, दुखत नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "बघ पायलट, हे असंच म्हणणार."

उंच जीप चालवते म्हणून मला त्यांनी पायलट करून टाकलेलं.

त्यांनी निवडले ते साधे काळे शॉकअप होते, मऊ, मधल्या लांबीचे, ज्यांच्याकडे मी दुकानात ढुंकूनही बघितलं नसतं. बसवताना प्रत्येकाच्या चकचकीत दांड्यावर त्यांनी एक बारीक रबराची रिंग चढवली.

"ही कशाला?"

"गाडी दबली की ही दांड्यावरून सरकते. सर्वात मोठ्या दणक्याला जिथे जाईल तिथेच राहते. परत आल्यावर बघायचं. टोकापर्यंत दोन बोटं जागा उरली, तर आपण बरोबर. रिंग टोकाला टेकली, तर समज माणूस आपटला."

"बाबांना विचारलं की झालं ना."

काका गाडीखालीच होते. पान्याचा आवाज थांबला. "माझी पण जीप होती, पाच इंच उचललेली. कडक शॉकअप. मित्र पुढे, बायको मागे. मी दर वेळी विचारायचो, त्रास होतोय का गं. ती म्हणायची, नाही हो, मजा येतेय. ती गेली, मग तिच्या बहिणीनं सांगितलं. प्रत्येक फेरीनंतर दोन दिवस पालथी झोपायची. अकरा वर्षं." पाना परत सुरू झाला. "धंदा माझा हाच. माणसं सांगत नाहीत. रिंग सांगते."

बाहेर आल्यावर ते भिंतीकडे गेले. अख्खी भिंत खडूने भरलेली. प्रत्येक गाडीची एक ओळ. पांढरी व्हॅन, मागे सासूबाई, गुडघा, रिंग तीन बोटं. मालवाहू, मागे कोंबड्या, रिंग दोन बोटं. मी हसले तर म्हणाले, "हसू नको, कोंबड्या पण सांगत नाहीत." आमची ओळ लिहिली. उंच जीप, मागे बाबा, पाठ, रिंग. त्यापुढे जागा रिकामी.

"वरून आलात की गाडी धुवायची नाही. तशीच आण."

आम्ही गेलो. अकरा किलोमीटरला मी सव्वा तास लावला. आत्या दारात खुर्ची टाकून बसलेली. बाबा उतरून तिच्याजवळ गेले, तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, दुखेल म्हणून. "त्रास झाला का रे?" "अजिबात नाही." मग दोघं कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले. बाबांना मी इतकं निवांत वर्षभरात पाहिलं नव्हतं.

मी तिथेच धुळीत आडवी होऊन गाडीखाली शिरले. उतरतीचा रस्ता बाकी होता, म्हणून घरी आल्यावर परत शिरले. चारही रिंगा बघितल्या. दोन बोटं. थोडी जास्तच. मला इतका आनंद झाला की तेव्हाच काकांकडे पळायला हवं होतं.

पण दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. मग इंटर्नल्स. मग मैत्रिणीचा वाढदिवस. मग मी नुसती लोळत होते, खरं सांगायचं तर. पाचव्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"पायलट, जाऊन आलात?"

"हो काका."

"बाबा?"

"मस्त आहेत. मी शनिवारी गाडी घेऊन येते ना, तुम्हीच बघा."

"बरं. पुसू नको हं."

फोनवर दोन शब्द सांगायचे होते. दोन बोटं. मी मुद्दाम सांगितले नाहीत. म्हटलं, त्यांना स्वतः गाडीखाली वाकून बघू दे, चेहरा बघायला मजा येईल. आणि तो शनिवार पण गेला.

सातव्या आठवड्यात एका मंगळवारी तास रद्द झाला, तेव्हा जीप घेऊन गेले. शटर अर्धं वर. आत एक बाई खोक्यात पाने-पकडी भरत होत्या. काकांची मुलगी, दुसऱ्या गावी असते. काका नऊ दिवसांपूर्वी गेले होते. जेवून खुर्चीत बसले, उठलेच नाहीत.

मी काही बोलायच्या आत त्यांनी बाहेर पाहिलं. "तुम्ही उंच जीप का?"

मी मान हलवली.

"रोज फोनवर सांगायचे, उंच जीप अजून आली नाही. मी म्हणायचे, अहो अण्णा, बरं चाललं असेल म्हणून आले नसतील. तर म्हणायचे, नाही गं, पोरगी मस्त म्हणाली. तुझी आई पण मस्तच म्हणायची." त्यांनी खोक्याचं झाकण दाबलं. "त्यांच्या मनाने घेतलं होतं, आपलं चुकलं. तुमच्या बाबांना लागलं आणि तुम्ही सांगत नाही."

मी म्हटलं, ताई, चुकलं नव्हतं हो, बघा ना, तुम्ही बघा. त्यांनी ओढणी कमरेला खोचली आणि त्या तेलकट जमिनीवर सरळ आडव्या झाल्या. एक-एक रिंग बोटांनी मापली. मग म्हणाल्या, "दोन."

"थोडी जास्तच," मी म्हटलं.

"हो. थोडी जास्तच."

खडू त्यांनीच शोधून दिला. मी भिंतीवरच्या आमच्या ओळीपुढे लिहिलं, दोन बोटं. अक्षर घाणेरडं आलं. पुढच्या महिन्यात ती जागा दुसरं कुणी घेणार आहे, भिंतीला रंग देतील. रिंगा अजून आहेत तिथेच. गाडी मी धुतलेली नाही.

तुमच्याकडेही असेल असं कुणीतरी. ज्याने तुमचं काम नीट केलं आणि ते नीट झालं का, हे तुम्ही त्याला सांगितलंच नाही. शिकवणीच्या बाई, ज्यांनी तुमच्या आजीचा चष्मा केला ते, कुणीही. ते विचारतीलच असं नाही, आणि तुम्ही गप्प राहिलात तर काहीतरी वाईटच समजून बसतील. शनिवार वगैरे ठरवू नका. हे वाचून झालं की चपला घाला आणि त्यांना भेटून या.