मामांच्या ताटातलं तूप

बाहत्तरच्या दुष्काळात माझी सातवी अर्धीच सुटली. जतकडच्या आमच्या गावात मेंढरं मेली आणि मी आईबरोबर खडी फोडायला जाऊ लागले. पुढं लग्न होऊन आष्ट्याजवळच्या एका बागायती गावात आले. नवरा पलटणीत. सुट्टी संपवून तो गेला आणि त्या उसाच्या मुलखात माझ्या ओळखीचं कुणीच उरलं नाही. माझ्या बोलण्यात कानडी हेल होता. विहिरीवर बायका त्याची नक्कल करायच्या. एकदा सासऱ्यांच्या कानावर ते पडलं. ते जुने पैलवान, गावच्या तालमीचे वस्ताद. एवढंच म्हणाले, "ती तिच्या आईचं बोलती. तुमी तुमच्या आईचं बोला." नक्कल थांबली. मी त्यांना मामा म्हणायचे, ते त्यानंतर नुसतं रीत म्हणून राहिलं नाही.

मामांना मधुमेह होता. गावच्या डॉक्टरांनी गूळ, साखर, ऊस बंद केला आणि मामांनी तो शब्द पाळला. गुऱ्हाळावर बसूनही काकवीचं बोट चाटलं नाही. पण पैलवानाचं अंग. गोड तुटलं तर ताकद कशानं राहणार? म्हणून माझ्या सासूबाईंनी, आत्तींनी, तूप दुप्पट केलं. सकाळी म्हशीच्या दुधात तूप, दुपारी भाकरी बुडेल एवढं, रात्री पुन्हा. "तूप कवा गोड झालं?" त्या म्हणायच्या. मलाही पटायचं. माहेरी तूप सणालाही दिसत नसे. ज्या घरात ते एवढं आहे तिथं माणूस आजारी पडतोच कशाला, असं वाटायचं.

मग मामांच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर बारीक पिवळे दाणे उठले, ज्वारीच्या कण्यांसारखे. "उष्णता झालीया," आत्ती म्हणाल्या. उष्णतेवर उतारा तूपच. ते आणखी वाढलं.

दाणे पाठीवर पसरले तेव्हा मामा सांगलीला दाखवायला तयार झाले. आत्तींना एसटी लागायची, घरात दुसरं मोकळं कुणी नव्हतं, म्हणून मी गेले. मोठ्या डॉक्टरांनी दाणे बघितले आणि रक्त काढायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी काचेची नळी आमच्यासमोर धरली. तळाला लाल गोठलेलं, वर दुधासारखं पांढरं, आणि त्याच्याही वर साय धरल्यासारखा थर.

"हे काय?" मामांनी विचारलं.

"तुमचं रक्त."

मामांनी नळी हातात घेऊन तिरपी केली. "इरजान लावलं तर लोनी निघंल की," म्हणाले. कंपाउंडर हसला. डॉक्टर हसले नाहीत. साखर ताब्यात नसली की चरबीही अंगाला लागत नाही, रक्तातच साठत जाते, असं त्यांनी समजावलं. तूप, लोणी, मटणाचा तवंग बंद. रोज सुई. नाहीतर एक दिवस छातीत दुखेल, नाहीतर पोटात, आणि मग डॉक्टरांच्याही हातात काही राहणार नाही.

घरी आल्यावर आत्ती रडल्या. "धन्याच्या ताटात कोरडी भाकरी? माझ्या हातानं व्हायचं न्हाई." म्हणून मी वाढायला लागले. मामा आंघोळीला बसले की मी लांबून त्यांची कोपरं बघायचे. दाणे हळूहळू बसत गेले. मी देवाला हात जोडायचे, हा माणूस एवढा राहू दे.

जत्रेला साताऱ्याकडचे जुने पैलवान आले. पंगतीत सगळ्यांना पुरणपोळी आणि वर तुपाची धार, मामांपुढं भाकरी, आमटी आणि कोरडा भात. त्यातले एक मोठ्या आवाजाचे. म्हणाले, "वस्ताद, सून कोरड्या मुलखातली आनली, तिनं ताट बी कोरडं केलं की रं."

"दुष्काळ हुंड्यात आला गड्या," दुसरा म्हणाला. पंगत हसली. मी दाराआड पळी धरून उभी.

मामा हसले नाहीत. "अगं, तूप आन," त्यांनी आत्तींना हाक मारली. "आनि माझ्या सुनंला कुनी काय म्हनू नगा. ती मी सांगीन तसं वाढती."

आत्ती डबा घेऊन जवळजवळ धावतच आल्या. किती महिन्यांनी त्यांचा चेहरा फुलला होता. मी दारातून नको म्हणून मान हलवली. मामांनी बघितलं आणि नजर ताटात घातली. भात तुपात पोहत होता. त्यांनी सगळा संपवला, वर आणखी मागून घेतलं.

संध्याकाळी मी विचारलं, "मामा, कशाला वो?"

"एका दिसानं काय हुतंय पोरी? तुला कुनी बोलाय नगं."

पण पाहुणे एका दिवसात गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी मटण, मग कुस्त्यांच्या इनामाचं जेवण. माझा मान राखायचा तर सगळीकडं राखावा लागला; मामा खात गेले. पाहुण्यांची पाठ फिरली त्या दिवशी मामा पोट धरून आडवे झाले. आखाड्यात हाड मोडलं तरी न ओरडलेला माणूस गुरासारखा ओरडत होता. जीप मिळवून सांगली गाठली. सुईत आलेलं रक्त लाल नव्हतं, फिकट गुलाबी होतं. मोठ्या डॉक्टरांनी ती उजेडात धरली आणि माझ्याकडं बघितलं. मामा तिथंच गेले.

घरी आणल्यावर पुरुषांनी सरणासाठी तूप मागितलं. आत्तींनी फळीवरचा डबा काढून दिला, मामांसाठी म्हणून साठवलेला, गळ्यापर्यंत भरलेला. "सगळं घाला," म्हणाल्या. "लय दिस तुटलं हुतं त्यांना."

आता मी त्या गावापासून फार लांब राहते. मुलाला गेल्या साली साखर निघाली. तो जेवायला बसला की मी आधी त्याची कोपरं बघते. तो चिडतो.

त्या दिवशी सरणावरून रिकामा डबा परत आला तो माझ्याकडंच, घासायला. राखेनं कितीदा घासला तरी त्याचा ओशटपणा जात नव्हता.