दादाचा अरबीचा क्लास

दादाला जाऊन महिना झाला. तरी बाजारात कोणी भेटला की त्याचा एक किस्सा हातात ठेवून जातो. मी हसतो आणि घरी येऊन आईला सांगतो. माझ्याकडचे थोडे ऐका.

*

दादा आठ वर्षं मस्कतला ड्रायव्हर होता. परत आल्यावर त्याने मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत क्लास काढला. गल्फला जाणाऱ्यांना अरबी शिकवायचं. नियम एकच: पहिला महिना वही नाही, बोलणं नाही. दादा अरबीत बोलणार, बाकीच्यांनी ऐकायचं.

"तान्हं पोर आधी ऐकतंच ना? मग!"

क्लासला येणाऱ्या पूर्णगडच्या विलासचे वडील भांडायलाच आले. "मास्तर, गप्प बसायचं तो घरीच शिकलाय. तुम्ही बोलायचं शिकवा!"

*

मशिदीत मुलांना शिकवणारे इब्राहिमचाचा म्हणायचे, आधी अक्षर. दादा म्हणायचा, आधी कान. एकदा दोघं अरबीतच वाद घालायला बसले. चाचांचं अरबी किताबातलं, दादाचं बाजारातलं. पाच मिनिटांत कोणाचं कोणाला कळेना! शेवटी मराठीत भांडले.

उठताना चाचा म्हणाले, "तुझं अरबी मस्कतपर्यंत रे. माझं त्याच्याही पुढे, पार जन्नतपर्यंत!"

*

विलास मस्कतला पोचला. आठवड्याने शेजारच्यांकडे त्याचा फोन. "मास्तर, नियमाप्रमाणे नुसता ऐकतोय. शेठ मला मुका समजून लय प्रेमाने वागवतोय. आता बोलू की नको?"

दादा हसून हसून खाली बसला.

*

मीही क्लासला होतो. तीन दिवस! चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर ओरडलो, "बोलायचं कधी? गप्प बसवतात म्हणून तर सातवीत शाळा सोडली!"

"कान भरू दे."

"नको मला तुझं अरबी!" चटई लाथाडून निघालो.

माझी जागा त्याने वर्षभर कोणाला दिली नाही. मी गेलो नाही.

*

मग दादाला अर्धांगाचा झटका आला. शुद्धीवर आला तर मराठी गेलेलं, अरबी उरलेलं! हातही उचलेना. माझ्याकडे बघून तो तेच दोन शब्द म्हणायचा. मी पाणी आणलं. उशी बदलली. पंखा वाढवला. डॉक्टरांना ओढून आणलं. तो परत तेच म्हणायचा. चाचांना त्याचं अरबी कळेना, क्लासची पोरं सगळी गल्फला. चार दिवस मी नुसता धावत होतो. पाचव्या दिवशी तो गेला.

बाराव्याला विलास सुट्टी काढून आला. मी ते दोन शब्द त्याला म्हणून दाखवले.

तो दचकला. "उच्चार अगदी मास्तरांचा! कुठे शिकलास?"

"अर्थ सांग."

"अर्थ एवढाच: 'माझ्याजवळ बस.'"